आरोप एका दिवसाचा, निस्तरणे चोवीस वर्षांचे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी शेतकीचा पदवीधर, वकील नाही. पण गाजरगवत ओळखतो. एक झाड फुलोऱ्यावर येऊ दिले की हजारो बिया शिवारभर होतात. मग वर्षानुवर्षे खुरपत बसा. सरकारचा बेछूट आरोप तसाच असतो.

इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली केरळ पोलिसांनी अटक केली. आरोप काय, तर रॉकेटच्या इंजिनाची गुपिते परदेशाला विकली! ५० दिवस कोठडी, आणि देशभर बोभाटा. १९९६ मध्ये सीबीआयने सांगितले, आरोपात तथ्य नाही. तरी केरळ सरकारने फेरतपास काढला; १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. भरपाईचे ५० लाख रुपये द्या, असा त्याच न्यायालयाचा हुकूम निघायला २०१८ साल उजाडले.

एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाची ही गत. उद्या एखाद्या मंत्र्याने भर सभेत तुमचे नाव घेऊन 'वीजचोर', 'कर्जबुडवा' म्हटले, तर तुमचे काय?

बदनामी हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६, दोन वर्षांपर्यंत कैद. कलम सगळ्यांना एकच, वाट मात्र वेगळी. मंत्र्याची त्याच्या कारभारावरून बदनामी झाली, तर सरकारच्या मंजुरीने सरकारी वकील थेट सत्र न्यायालयात फिर्याद देतो. खर्च जनतेचा. तुमची बदनामी झाली तर वकील तुमचा, फी तुमची, हेलपाटे तुमचे. आणि मंत्री विधानसभेत बोलला असेल, तर घटनेच्या कलम १९४ मुळे त्याला कोर्टात खेचताच येत नाही.

पण घाबरून गप्प बसू नका. १९९४ च्याच राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, सरकारला स्वतःच्या बदनामीबद्दल भरपाईचा दावा लावता येत नाही. अधिकाऱ्यालाही त्याच्या कामावरच्या टीकेबद्दल दावा लावायचा, तर ती खोटी होती आणि खऱ्याखोट्याची पर्वा न करता केली होती, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे कारभाराचा हिशेब मागण्याचा हक्क शाबूत आहे.

मात्र हीच शिस्त आपल्यालाही लागू. आपल्या व्यासपीठावरूनही ऐकीव गोष्टीवर कोणाला चोर म्हणू नका. आणि सरकारने म्हटले, तर तिथेच उभे राहून विचारा: नाव कोणाचे, रक्कम किती, कागद कुठे? उत्तर नाही मिळाले, तर दुसऱ्या दिवशी माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्या, पोच घ्या.

गाजरगवत फुलायच्या आतच उपटायचे असते.