कुंपणाला घिंगारू लावू या

(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात डेहराडून येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



काल आपण गणरायाला पत्री वाहिली. २१ पत्रींत देवदारही आहे. पुण्या-मुंबईकडे त्याची डहाळी मिळवताना मारामार होते, आपण ती मसुरीहून ताजी आणतो. केवड्यासाठी मात्र आपली तारांबळ उडते! पत्रीचा एक अर्थ मला असा वाटतो, की माणसाने आपल्या परिसरातली झाडे नावाने ओळखावीत. आपल्यापैकी अनेकांची हयात या दून खोऱ्यात गेली. करवंदीची जाळी आपण डोळे मिटून ओळखू. पण इथल्या डोंगरातले घिंगारू ओळखणारे आपल्यात किती?

मसुरीच्या वाटेवर उतारांवर काटेरी झुडूप दिसते. बारीक, चकचकीत, कडेला नाजूक दाते असलेली पाने. एप्रिल-मेच्या सुमारास पांढऱ्या फुलांचे झुबके. आणि पावसाळा सरताना रंग धरणारी, वाटाण्याएवढी नारिंगी-लाल फळे. तेच घिंगारू. शास्त्रीय नाव पायराकँथा क्रेन्युलाटा. ‘पायराकँथा’ म्हणजे ग्रीक भाषेत अग्नी आणि काटा. कूळ गुलाबाचे, म्हणजे सफरचंदाचे हे भावंडच. फळ निरखून पाहिले तर इवलेसे सफरचंदच वाटते. पहाडातली मुले ते आवडीने खातात. चव आंबटगोड, थोडी पिठूळ. मात्र बिया चावू नयेत, थुंकून टाकाव्यात. लाकूड चिवट असल्याने गढवाल-कुमाऊंत त्याच्या काठ्या आणि अवजारांचे दांडे करतात.

आता मुद्द्याचे बोलतो. मंडळाच्या जागेची मागची बाजू उघडी आहे आणि कार्यकारिणीपुढे दोन सूचना आहेत : विटांची भिंत किंवा ड्युरांटाचे कुंपण. मी तिसरी सूचना मांडतो, घिंगारूची.

भिंत एका महिन्यात उभी राहील, हे खरे. पण भिंतीवर बुलबुल बसेल, तिथे त्याला खायला काही मिळणार नाही. पौष-माघात इथे धुके आणि कडाका असतो, किडे कमी होतात, तेव्हा फळांवर जगणाऱ्या पाखरांना झुडपावर टिकून राहिलेली ही फळे आधार देतात. काट्यांच्या जाळीत घरट्यालाही आडोसा मिळतो. फुलांवर मधमाश्या येतात. आणि राखाडी हिवाळ्यात आपल्या अंगणाला जो रंग येईल, तो वेगळाच.

ड्युरांटालाही फळे येतात, असे कोणी म्हणेल. येतात, पण ते झाड अमेरिकेतले. घाणेरीही तिथलीच. शोभेसाठी आणलेल्या घाणेरीने आपल्या देशातल्या जंगलांची काय अवस्था केली, हे आपण फिरायला जाताना पाहतोच. तिच्या बिया पाखरांनीच पसरवल्या. पाखरू जे खाते ते पेरते. म्हणून आपल्या कुंपणाला काय लावायचे, हा प्रश्न कुंपणापुरता राहत नाही. पलीकडच्या उतारावर पुढे काय उगवेल, याचाही तो प्रश्न आहे.

लागवड सोपी आहे. पावसाळ्यात अर्धपक्व फांदीची छाटे लावावीत किंवा बी पेरावे. बियांवरचा गर धुऊन काढावा आणि त्या ओल्या वाळूत घालून सुमारे तीन महिने थंडाव्यात ठेवाव्यात, म्हणजे उगवण चांगली होते. डोंगरातले मोठे झुडूप उपटून आणू नये. त्याला मुळे दुखावलेली सोसत नाहीत आणि डोंगरही उघडा पडतो. पिशवीतले रोपच बरे. नर्सरीत चिनी जातीही मिळतात, म्हणून पहाडी घिंगारूच मागावे. दोन ते अडीच फुटांवर एकेक रोप, भरपूर ऊन, पाण्याचा निचरा होणारी जमीन. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावे; पुढे ते स्वतःचे पाहते. थंडीची त्याला भीती नाही.

छाटणीत एक पथ्य पाळावे. फुले आदल्या वर्षीच्या फांदीवर येतात. दिवाळीच्या साफसफाईत माळ्याने सरसकट कात्री चालवली, तर त्या हिवाळ्यातली फळेही जातील आणि पुढच्या वर्षीचीही. फुले येऊन गेल्यावर बेताने छाटावे आणि फळ धरलेल्या फांद्या राखाव्यात. हातमोजे विसरू नयेत.

दोन अडचणी आहेत. कुंपण दाट व्हायला तीन-चार वर्षे लागतील. तोवर तारेचे तात्पुरते कुंपण घालू. आणि काटे बोचरे आहेत, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या बाजूला ते लावायचे नाही. मागच्या बाजूला गुरे आत शिरतात, तिथे मात्र हेच काटे आपल्या कामाचे.

आपल्यातले काही जण निवृत्तीनंतर महाराष्ट्रात परततील. इथे वाढलेली मुले कदाचित इथेच राहतील. त्यांच्यासाठी विटांपेक्षा चार जिवंत झुडपे मागे ठेवावीत, असे मला मनापासून वाटते. वार्षिक सभेत आपण विचार करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

गणपती बाप्पा मोरया!