रुतलेली गाडी आणि जॅकची निवड



बेळगावहून पश्चिमेकडे जांबोटीच्या वाटेने निघावे, तर कणकुंबीपर्यंत आणि पुढे चोर्ला घाट उतरून गोव्यात शिरेपर्यंत लाल माती व जांभा दगड आपली सोबत करतात. त्याच बेळगावहून पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्तीच्या दिशेने जावे, तर काळ्या कसदार जमिनीचा मुलूख लागतो. पहिल्या भूमीत पावसाळ्यात पाण्याचे लोट रस्त्याची कड खाऊन टाकतात. दुसऱ्या भूमीत एकच चांगली सर आली की माती फुगते, चाकांना लोण्यासारखी चिकटते आणि गाडी जागच्या जागी खाली जाऊ लागते. ह्या दोन्ही प्रदेशांतील आडगावांना अजूनही जीपगाडीचा मोठा आधार आहे. धान्य तीच आणते, वऱ्हाड तीच नेते आणि रात्रीअपरात्री अडलेल्या बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्या माणसाला दवाखान्यात तीच पोहोचविते. अशी गाडी वाटेत रुतली, तर ती बाहेर काढणे हा हौसेचा नव्हे, निकडीचा प्रश्न होतो. म्हणून आडवाटेच्या गाडीत जॅक कोणता असावा आणि तो कसा बाळगावा, ह्याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डांबरी सडकेवर जॅक लागतो तो पंक्चर झालेले चाक बदलण्यासाठी. आडवाटेवर त्याचे मुख्य काम वेगळेच असते. तेथे चाक वर उचलावयाचे, त्याच्याखाली दगड, फांद्या, फळ्या जे मिळेल ते भरावयाचे आणि चाक पुन्हा त्यावर उतरवावयाचे. म्हणजे जॅक गाडीला खड्ड्यातून ओढून काढीत नाही. चाकाखाली नवा रस्ता बांधण्यापुरती सवड तो आपल्याला मिळवून देतो. हे ध्यानात घेतले म्हणजे निवडीचे निम्मे कोडे सुटते.

गाडीबरोबर कारखान्याकडून मिळणारा जॅक बहुधा स्क्रूचा असतो. तो हलका असतो, बिघडत नाही, आणि कठीण सपाट जमिनीवर, गाडीच्या कडेला ठरवून दिलेल्या जागी लावला तर आपले काम चोख करितो. परंतु त्याची उंची बेताची आणि पाया अरुंद. चिखलात त्याचा उपयोग फारसा होत नाही.

दुसरा प्रकार तेलाच्या दाबावर चालणाऱ्या बाटली-जॅकचा. पास्कल ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात सांगितलेला द्रवाच्या दाबाचा नियम आपण शाळेत शिकतो. तो नियम येथे प्रत्यक्ष राबतो. लहानशा दट्ट्यावर हाताने दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर अनेक पटींनी वाढून उमटतो, आणि अंगाने किरकोळ असलेला मनुष्यही दोन टनांची गाडी उचलू शकतो. ह्या जॅकचा मोठा गुण असा की, तो सरळ आसाखाली, म्हणजे ॲक्सलखाली लावता येतो. गाडीचे अंग उचलू गेल्यास आधी स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि चाक कितीतरी वेळ खालीच लोंबत राहते. ॲक्सल उचलला तर चाक त्याच्याबरोबर लगेच वर येते. त्यामुळे थोडक्या उंचीत काम भागते आणि गाडीही फारशी कलत नाही.

बाटली-जॅक घेताना लोक टनांचा आकडा पाहतात. तो पाहावाच, माणसे व सामान धरून गाडीचे जे वजन होईल, त्याहून कमी क्षमतेचा जॅक घेऊ नये. भरलेली गाडी दोन-सव्वादोन टनांची असेल, तर तीन टनांचा जॅक शहाणपणाचा. परंतु त्याहून महत्त्वाचा आकडा उंचीचा असतो. जॅक मिटलेल्या स्थितीत किती उंच आहे आणि पूर्ण उघडल्यावर किती होतो, हे दोन्ही पाहावे. घरी सपाट जागेवर चाकातील हवा सोडून ॲक्सलखालचे अंतर मोजावे. मिटलेला जॅक त्याखाली शिरला पाहिजे. हे न पाहता घेतलेला जॅक नेमका टायर बसल्यावर आत जात नाही.

तिसरा प्रकार म्हणजे उंच खांबाचा जॅक, ज्याला इंग्रजीत फार्म जॅक किंवा हाय-लिफ्ट म्हणतात. अमेरिकेतील इंडियाना राज्यात ब्लूमफील्ड येथे तो १९०५ पासून तयार होत आला. मूळचा तो शेतावरचा सोबती. कुंपणाचे खांब उपटण्यापासून यंत्रे उचलण्यापर्यंत सर्व कामांना चालणारा. भोके पाडलेला लोखंडी खांब, त्यावर पायरीपायरीने चढणाऱ्या दोन खिट्ट्या आणि एक लांब दांडा, एवढीच त्याची रचना. चार फुटी जॅकचे वजन तेरा किलोंच्या आसपास भरते. गाडी चिखलात ॲक्सलपर्यंत बसली आणि खाली हात घालण्यासही जागा उरली नाही, तरी हा जॅक लोखंडी बंपरला लावून गाडी वर घेता येते. जोडीला आकड्याचा पट्टा असेल, तर गाडीच्या अंगाऐवजी थेट चाकच धरून उचलता येते.

मग हाच जॅक सर्वांनी घ्यावा काय? तसे नाही. जुन्या जीपला पोलादी बंपर असे, आणि तेथे ह्या जॅकचे नाक बिनदिक्कत लावता येई. आजच्या पुष्कळ गाड्यांचे बंपर प्लॅस्टिकचे आणि कडेचा पत्रा पातळ असतो. तेथे हा जॅक लावला तर गाडी उचलण्याऐवजी पत्रा चेपतो, किंवा जॅक निसटतो. ज्या गाडीला पक्का पोलादी बंपर अथवा कडेला मजबूत पोलादी नळ्या बसविलेल्या आहेत, तिच्यासाठीच हा जॅक. इतरांनी त्याच्या मोहात पडू नये.

शिवाय त्याचा स्वभाव कडक आहे. गाडी खाली घेताना खटका फिरवून दांडा पुन्हा वरखाली करावा लागतो, आणि त्या वेळी सगळा भार दांड्यावर येत-जात असतो. हात सुटला तर दांडा फटक्यासारखा उसळतो. जबडा किंवा मनगट मोडण्यास तेवढे पुरे होते. म्हणून दांडा आणि खांब ह्यांच्यामध्ये डोके कधीही आणू नये, दोन्ही हातांनी घट्ट धरावे, दांडा खांबाला पूर्ण टेकवल्यावरच खटका बदलावा आणि काम थांबले की दांडा खांबाला अडकवून ठेवावा. खिट्ट्यांत माती अडकली तर त्या पुरत्या बसत नाहीत. त्या स्वच्छ व पातळ तेलाने ओल्या ठेवाव्यात.

चौथा प्रकार फुगविण्याच्या पिशवीचा. गाडीच्या धुराड्यातील वायूने ही जाड पिशवी फुगते. तिचा तळ रुंद असल्याने मऊ चिखलात व वाळूत ती रुतत नाही. मात्र काटे, धारदार दगड आणि तापलेली धुराड्याची नळी ही तिची वैरी होत. बाभळीच्या प्रदेशात तिच्यावर विसंबताना हे लक्षात असावे.

आता ह्या विषयातील सर्वांत मोलाच्या गोष्टीकडे वळतो. ती म्हणजे जॅकखालची फळी. थोडा हिशेब करू. गाडीच्या टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलो दाबाची हवा असते, आणि ढोबळ मानाने तेवढाच दाब चाक जमिनीवर देते. तेवढ्या दाबाखालीच ही जमीन खचली, म्हणून तर गाडी रुतली. आता उंच जॅकचा पाया पाहा. तो सुमारे दहा सेंटिमीटर रुंद व अठरा लांब, म्हणजे एकशे ऐंशी चौरस सेंटिमीटरांचा. त्यावर नऊशे किलो भार आला की दाब होतो दर चौरस सेंटिमीटरला पाच किलो! जी जमीन दोन किलोंनी खचली, ती पाच किलो कशी पेलणार? गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जाणार, हे गणित सांगते. परंतु त्याच जॅकखाली पंचेचाळीस सेंटिमीटर लांब व तीस रुंद अशी, भाराने न वाकणारी जाड फळी ठेविली, तर तोच दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. फळी चार सेंटिमीटर जाडीची, सागाची किंवा तशाच चिवट लाकडाची असावी; प्लायवुडचे दोन जाड तुकडे एकमेकांस चिकटवूनही चालतात.

आपल्या भागात एक सवय दिसते. वाटेत फळी नसली की लोक जवळचा जांभ्याचा चिरा उचलून जॅकखाली देतात. चिरा भिंतीत उत्तम, कारण तेथे भार त्याच्या सर्व अंगावर सारखा पसरतो. जॅकचा भार एका ठिकाणी एकवटतो, आणि भिजलेला चिरा त्याखाली एकाएकी फुटतो. विटेची आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्याची गोष्टही तीच. चाकाखाली भरण्यास हे दगड खुशाल वापरावेत. जॅकखाली मात्र लाकूडच हवे.

गाडी उचलण्यापूर्वीची तयारीही तितकीच निकडीची. आधी फावडे चालवावे. चाकांपुढचा व ॲक्सलभोवतीचा चिखल काढला, टायरमधील हवा थोडी कमी केली, तर पुष्कळदा जॅक लागतही नाही. तो लावायचाच असेल, तर माणसे उतरवावीत आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून दगड लावावेत. हातब्रेक ओढला म्हणजे झाले, अशी समजूत धोक्याची आहे. विलिस जीप व जुन्या लँडरोव्हर गाड्यांत हातब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक अधांतरी झाले की ते मोकळे फिरू शकते, दुसरे चाक जमिनीवर गडगडते, आणि ब्रेक ओढलेला असूनही गाडी उताराने चालू लागते. चाके फळीत वा दगडांत अडकविलेली असली तरच ती थांबेल.

ह्याहूनही निक्षून सांगावयाची गोष्ट अशी की, जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. तेलाचा जॅक हळूहळू उतरतो, उंच जॅक काठीसारखा कलंडतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके वा छाती कदापि घालू नये. फांद्या, दगड भरावयाचे ते लांब काठीने वा फावड्याने ढकलावेत. स्टेपनीचे चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक निसटला तरी गाडी त्यावर थांबेल. हा साधा नियम न पाळल्याने धडधाकट माणसे क्षणात गेली आहेत, आणि त्यांत मदतीला धावलेली वाटसरू मंडळीही असतात. म्हणून मदतीला आलेल्या प्रत्येकाला, विशेषतः मुलांना, हात दाखवून दूर उभे करणे हे गाडीवाल्याचे कर्तव्य होय.

शेवटचा प्रश्न जॅक बाळगण्याचा. तेरा किलोंचा लोखंडी जॅक मागच्या बाकाखाली सुटा टाकून देणे म्हणजे स्वतःच्या पाठीमागे हत्यार ठेवणे होय. ताशी पन्नास किलोमीटर वेगाची गाडी धडक बसून साठ सेंटिमीटरांत थांबली, तर असा जॅक सुमारे दोनशे किलोंच्या जोराने पुढे येऊ पाहतो. त्याला दोरी पुरत नाही. तो गाडीच्या सांगाड्याला बोल्टने आवळलेला असावा. बॉनेटवर बांधल्यास समोरचे दिसण्यात अडथळा होतो आणि पादचाऱ्यालाही इजा संभवते. बाहेर, मागील बाजूस बसविल्यास खिट्ट्यांवर कॅनव्हासची खोळ घालावी, नाहीतर वाटेतला चिखल त्यांत आधीच जाऊन बसतो. बाटली-जॅक उभा ठेवावा, त्याचा दट्ट्या पूर्ण खाली आणि झडप बंद असावी. मात्र कोठेही ठेविला, तरी सामानाच्या तळाशी ठेवू नये. गाडी एका अंगाला कललेली, पाऊस कोसळतो आहे आणि अंधार पडला आहे, अशा वेळी जो जॅक दोन मिनिटांत हाती येत नाही, तो नसल्यासारखाच. त्याच्याबरोबर फळी, फावडे, हातमोजे आणि विजेरी ही मंडळी एकत्र असावीत. आणि मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा अंगणात, सपाट जागेवर, घरातील ज्यांना गाडी चालविता येते त्या सर्वांनी, स्त्रियांनीही, त्याच जॅकने चाक उचलून पाहावे. ज्याला तो उचलवत नाही त्याच्यासाठी तो जॅक योग्य नाही, हे घरीच कळलेले बरे.

आमच्याकडील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांच्या गाडीत प्रवाशांचा पालक म्हणून संत क्रिस्टोफर ह्याचा बिल्ला लावलेला असतो. एका बालकाला खांद्यावर घेऊन त्याने खवळलेली नदी पार केली, अशी त्याची कथा आहे. पावलोपावली खांद्यावरचा भार वाढत गेला, तरी तो बुडाला नाही. कारण हाती भक्कम काठी होती आणि प्रत्येक पाऊल तो तळ चाचपून टाकीत होता. श्रद्धेबरोबर पायाखालची जमीन तपासण्याची ही सवय प्रत्येक गाडीवाल्याने अंगी बाणवावी. बाजारात जॅक पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या शक्तीचे आकडेही मोठे आहेत. परंतु निवड करताना आधी आपली गाडी पाहावी, मग आपल्या वाटेची माती पाहावी, मग ज्याला तो चालवावा लागेल त्याचे हात पाहावेत. आणि जॅक घेऊन घरी परतताना वाटेत सुताराकडे थांबून एक जाड फळी कापून घ्यावी.