हरभऱ्याची मर आणि निंबोळीचा अर्क



कामगार संघटनेच्या माणसाने पिकाच्या रोगावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. पण हरभरा वाळला की सोंगणीची मजुरीही बुडते. म्हणून हा विषय आम्हांस आमचाच वाटतो. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. जे कळले, ते पुस्तके वाचून आणि बांधावर उभे राहून.

वाशीम-रिसोडकडे रब्बीत हरभरा डोलत असतो आणि मध्येच एखादे झाड मान टाकते. शेतकरी म्हणतो, 'मर लागली.' खोड उभे चिरले तर आत काळपट तपकिरी रेघ दिसते. ही फ्युजारियम बुरशीची करणी. ती मुळातून शिरून पाण्याच्या नळ्या बुजवते. जमिनीत ओल असून झाड तहानेने मरते. हरभरा नसला तरी ती मातीत ६ वर्षांपर्यंत तग धरते.

मग निंबोळीचा, लसणाचा अर्क चालतो का? प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत चालतो. तेथे बुरशीची वाढ खुंटते. पण शेत म्हणजे बशी नव्हे. काळ्या मातीत अर्क पातळ होतो, कणांना चिकटतो, जिवाणू त्याचा फडशा पाडतात. ५ किलो निंबोळी भरडून, रात्रभर भिजवून, १०० लिटर पाण्यात करतात तो अर्क मुख्यतः किडींसाठी. आमच्या मजूर भगिनींनी दिवसभर निंबोळ्या कुटल्या, मर लागल्यावर अर्क ओतला, तरी झाडे वाळायची ती वाळलीच, हे आम्ही पाहिले आहे.

ही लढाई पेरणीपूर्वीची आहे. बियाण्यास किलोमागे ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशी, चोळावी. मातीत शेणखत व निंबोळी पेंड घालावी. 'जाकी ९२१८' किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'विजय' असा मररोगाला तोंड देणारा वाण घ्यावा. एकाच रानात दरसाल हरभरा पेरू नये. एकटा मजूर मालकापुढे टिकत नाही, तशी एकटी निंबोळी बुरशीपुढे टिकत नाही. तिलाही संघटना हवी!

शेवटी एकच. निंबोळी पिकते पावसाच्या तोंडाशी, हरभरा पेरतात दसरा-दिवाळीला. निंबोळी आधी वेचून, वाळवून ठेवावी लागते, आणि ते काम बायाच करतात. आपणांपैकी पुष्कळांची गावाकडे शेती आहे. झाडपाल्याचे औषध फुकटचे म्हणताना त्यांचे श्रम फुकट धरू नका. त्यांना पुरा रोज द्या.