दुखणे मानेचे, बोभाटा डोक्याचा

खोडी एकाने काढावी आणि मार दुसऱ्याने खावा, हा न्याय आपल्या शरीरातही चालतो. चंडीगढला बदलून आल्यावर दुसऱ्याच हिवाळ्यात माझे डोके दुखू लागले. नेहमी उजवीकडेच, मानेपासून निघून डोळ्यामागे ठाण मांडणारे. चष्मा बदलला, गोळ्यांनी खण भरला. पिएर जान्नरे यांनी या शहरासाठी घडविलेल्या खुर्च्या आता परदेशांतील लिलावांत विकल्या जातात. माझी खुर्ची त्यांतली नव्हे. पण दोष खुर्चीचा नव्हताच. फायलींवर मान पुढे काढून बसण्याची सवय माझी होती.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला उताणे निजवून हनुवटी छातीकडे वाकविली व मान दोन्ही बाजूंना वळवून पाहिली. अशा स्थितीत खालचे मणके जखडतात आणि वळण्याचे काम मुख्यतः पहिल्या दोन मणक्यांवर येते. निरोगी मान सुमारे 44 अंश वळते. माझी उजवीकडे फार आधीच अडली. मानेच्या वरच्या मज्जातंतूंची आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूची वर्दी एकाच ठाण्यावर पोचते, म्हणून मानेची तक्रार कपाळाच्या नावावर नोंदली जाते. नॉर्वेचे डॉक्टर श्योस्ताद यांनी 1983 मध्ये या डोकेदुखीला स्वतंत्र नाव दिले.

त्यापूर्वी मी दोनदा न्हाव्याकडून मान 'मोकळी' करून घेतली होती. कडकन् आवाज झाला की आपल्याला वाटते, पैसे वसूल झाले! अशा हिसक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी क्वचित फाटते आणि पक्षाघात होतो, हे कळले तेव्हा अंगावर काटा आला. बाईंचे हात संथ होते. अडलेल्या सांध्यावर बोटांचा हळुवार, तालबद्ध दाब. मग हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे खोल स्नायू बळकट करण्याचा व्यायाम. ऑस्ट्रेलियात 200 रुग्णांवर झालेल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातांचा उपचार व व्यायाम या दोहोंचाही गुण वर्षभर टिकलेला आढळला. मात्र अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, ताप, जड झालेली जीभ वा लुळा पडलेला हात असेल, तर मानेला कुणी हात लावू नये. तडक रुग्णालय गाठावे.

न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीतील एक युक्तीही बाईंनी शिकविली. टॉवेलची कड मानेच्या वरच्या भागावर ठेवून, तो गालावरून हलकेच ओढीत मान अडलेल्या बाजूस वळवायची. दुखले तर थांबायचे. गोळ्यांच्या जागी आता खणात टॉवेल असतो. दुपारी तो बाहेर निघाला, की साहेब तोंड धुवायला निघाले असे समजून शिपाई अदबीने दार उघडतो.