भाजकात नसलेल्या स्त्रिया

(जामसर, ता. जव्हार येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. के.ई.एम. हे महानगरपालिकेचे, म्हणजे जनतेच्या पैशावर चालणारे रुग्णालय. पुढे या विद्येचा बाजार मात्र खाजगी दवाखान्यांनी मांडला. तेथे एका खेपेला लाखाहून अधिक रुपये लागतात, आणि पहिल्याच खेपेत गर्भ राहील याची शाश्वती नसते.

या दवाखान्यांच्या जाहिरातींत यशाचे शेकडा प्रमाण छापलेले असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा आकड्याचा भाजक आधी तपासतो. शंभर म्हणजे कोणत्या शंभर? दारापर्यंत पोहोचलेल्या. जामसरची स्त्री त्यांत नाही. म्हणून तिची निराशा अपयशाच्या रकान्यातही येत नाही.

वास्तविक हे तंत्र प्रथम निघाले ते बीजनलिका बंद झालेल्या स्त्रियांसाठी. नलिका बंद होण्याचे आपल्याकडील एक मोठे कारण क्षयरोग. दुसरे, बाळंतपणानंतरचा वा गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग. दोन्हींचे मूळ दारिद्र्यात आहे. म्हणजे गरज जिला अधिक, तिलाच दार बंद! उपचारात दहा-बारा दिवस इंजेक्शने, वरचेवर सोनोग्राफी, मग गर्भरोपण. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या मजूर स्त्रीने एवढे दिवस कोठून आणावेत? पैसे जुळवता जुळवता वय वाढते, आणि चाळिशीच्या सुमारास यशाची शक्यता झपाट्याने घटते. एकाहून अधिक गर्भ सोडले तर जुळ्यांचा संभव वाढतो. जुळी पुष्कळदा अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची असतात. कमी वजनाच्या बाळाची काळजी काय असते, हे १९९२-९३ साली वावर-वांगणीचे बालमृत्यू पाहिलेल्या या तालुक्याला सांगायला नको.

कोणी म्हणेल, जेथे पोटाची भ्रांत तेथे हे चोचले कशाला? हा युक्तिवाद मला अमान्य आहे. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करणाऱ्या या राज्याने गरिबांची मुले नेहमी जास्तच मोजली. त्यांचे निपुत्रिकत्व कधीच मोजले नाही. दोष पुष्कळदा पुरुषात असतो, तरी ‘वांझ’ हा शब्द आणि सवत स्त्रीच्याच वाट्याला येते.

२०२१ च्या कायद्याने अशा दवाखान्यांची नोंदणी सक्तीची केली, वयोमर्यादा घातली; परवडण्याची हमी दिली नाही. केंद्राच्या आयुष्मान योजनेतूनही हा उपचार वगळलेला आहे. शेजारच्या गोव्याने मात्र २०२३ मध्ये बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात तो विनामूल्य सुरू केला. तेव्हा आपली मागणी स्पष्ट असावी : क्षयाचे निदान वेळेवर, पतिपत्नी दोघांचीही तपासणी जव्हारलाच, आणि पुढील उपचार सरकारी खर्चाने, बुडालेल्या मजुरीसह.