एकट्याचे ‘नाही’ आणि आपले सातबारे

(महिला दिनानिमित्त नेकनूर येथे झालेल्या स्त्रियांच्या मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)

मागच्या शिबिरात आपल्यात जे भांडण झाले, त्यावर आज बोलावे असे कार्यकारिणीने मला सांगितले आहे. ज्या तेव्हा नव्हत्या त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमिनीवरच्या हक्काचे सत्र चालू होते. एक वयस्क मावशी उठल्या. त्यांनी पिशवीतून जुना, रंग उडालेला लाल बिल्ला काढून दाखवला, शेतकरी संघटनेचा. म्हणाल्या, ‘आमच्या नावावर जमीन करा असं सगळ्यात आधी शरद जोशींनी सांगितलं. त्यांचं नाव का घेत नाही तुम्ही?’ त्यावर आपली एक तरुण कार्यकर्ती तडकली. ‘संसदेत महिला आरक्षणाला ज्या एका माणसाने विरोध केला, त्याचं नाव आपल्या शिबिरात घ्यायचं?’ मग जेवणाची वेळ टळून गेली तरी आवाज चढलेलेच होते.

मला ते भांडण आवडले. दोघीही खरे सांगत होत्या. आणि प्रश्न केवळ एका गेलेल्या पुढाऱ्याचा नाही. आपल्या मताशी निम्मे जुळणारा आणि निम्मे न जुळणारा माणूस निवडणुकीत उभा राहिला, तर स्त्रियांच्या चळवळीने त्याला कसे तपासायचे, हा तो प्रश्न आहे.

तरुण मुलींसाठी आधी माणूस कोण ते सांगते. शरद जोशी यांचा जन्म १९३५ चा, साताऱ्याचा. टपाल खात्यात मोठे अधिकारी, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून ते परत आले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन स्वतः शेती करू लागले. तिथे त्यांना जो हिशोब दिसला त्यातून शेतकरी संघटना उभी राहिली. चाकणचा कांदा, निपाणीचा तंबाखू, मग विदर्भ-मराठवाड्याचा कापूस. १९८४ साली आपल्या शेजारी परभणीला त्यांचे मोठे अधिवेशन झाले. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात वडिलांच्या तोंडून ऐकलेली असेल.

त्यांचा विचार इतरांपेक्षा वेगळा होता. बाकीचे पुढारी सरकारकडे मागायला सांगत. हे म्हणत, सरकार बाजूला झाले तरी पुरे. निर्यातबंदी, सक्तीची खरेदी, परवाने हे शेतकऱ्याच्या गळ्यातले फास आहेत, ते काढा. १९९४ साली त्यांनी ‘स्वतंत्र भारत पक्ष’ काढला. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या १९५९ च्या स्वतंत्र पक्षाचे नाव आणि विचार त्यात होते. आपल्या देशात पक्षाची नोंदणी करायची तर समाजवादावर निष्ठा असल्याचे लिहून द्यावे लागते. ही अट काढावी म्हणून त्यांनी राज्यसभेत खाजगी विधेयकही मांडले. निवडणुकीत या विचाराला फारशी मते पडली नाहीत. सभेला लाखांनी माणसे जमत, मते मात्र दुसरीकडे जात. शेवटी २००४ साली भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने ते राज्यसभेवर गेले. स्वतंत्रतेचा झेंडा आणि या पक्षांचा टेकू, यावरून त्यांच्याच जुन्या कार्यकर्त्यांत वाद झाले. डिसेंबर २०१५ मध्ये ते वारले.

आता मावशींच्या बिल्ल्याकडे येते.

९ आणि १० नोव्हेंबर १९८६ रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. माझी आत्या त्याला गेली होती. माझ्या जन्माआधीची गोष्ट, पण आमच्या घरात ती इतक्या वेळा सांगितली गेली की मीच जाऊन आल्यासारखे वाटते. आत्या त्याआधी माहेर आणि बाजार सोडून कुठे गेलेली नव्हती. तिथे तिने आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या बाया एका जागी पाहिल्या. आणि त्या देवाला आल्या नव्हत्या की लग्नाला आल्या नव्हत्या. ती म्हणायची, ‘आपल्याला कुणी विचारलं, हेच लई होतं.’

शहरातल्या स्त्री संघटनांनी चांदवडकडे तेव्हा दोन नजरांनी पाहिले. काहींना त्यात ग्रामीण बाईचा पहिला मोठा हुंकार दिसला. गेल ऑम्व्हेट यांच्यासारख्या कार्यकर्त्या-अभ्यासकांनी त्यावर आवर्जून लिहिले. काहींनी विचारले, ही सगळी जमीनवाल्याची बायको आहे, मजूर बाई कुठे आहे? शेतमालाला भाव मिळाला तर तो तिच्या पदरात पडेल का? हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. त्याकडे मी परत येणार आहे.

चांदवडनंतर दारू दुकानांविरुद्ध मोर्चे निघाले. पंचायतीत सगळ्याच जागी स्त्रिया उभ्या करायच्या असे ठरले. १९८९ मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात पूर्ण स्त्रियांची ग्रामपंचायत निवडून आली. तेव्हा राखीव जागांचा कायदा नव्हता, हे ध्यानात घ्या. त्याच सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू झाली. ज्या गावात शंभर शेतकरी आपल्या जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करतील, त्या गावात शरद जोशी स्वतः येत. सांगणे साधे होते. तुम्ही सरकारला म्हणता आमच्या घामाचे दाम द्या, मग घरातल्या लक्ष्मीच्या घामाचे दाम तुम्ही दिले का?

पुढे १९९२ साली महाराष्ट्र शासनाने ‘लक्ष्मी मुक्ती’ नावानेच परिपत्रक काढले. नवऱ्याने स्वखुशीने अर्ज केला तर बायकोचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता येते. आपल्यापैकी किती जणींना हे माहीत आहे? हात वर करा. पाहा, चार.

तर मावशी बरोबर बोलल्या. हे ऋण आहे आणि ते नाकारण्यात मोठेपणा नाही.

आता दुसऱ्या मैत्रिणीचा राग. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचे विधेयक मताला आले. गोंधळ घालणाऱ्या खासदारांना मार्शलकरवी बाहेर काढले होते. काही पक्षांनी मतदानात भागच घेतला नाही. बाजूने १८६ मते पडली. विरोधात एक. ते मत चांदवडच्या शरद जोशींचे.

त्या दिवशी अनेकींना हा विश्वासघात वाटला. पण त्यांचे म्हणणे काय होते ते ऐकून तरी घेऊ. त्या विधेयकात राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरणार होते. ते म्हणत, आज जिथे बाई निवडून येईल, तिथे पुढच्या वेळी जागा खुली होईल. मग तिला पक्ष तिकीट देणार नाही. आणि पुन्हा उभेच राहायचे नाही तर मतदारसंघ बांधायचा कशाला? बाई पाच वर्षांची पाहुणी होईल.

मैत्रिणींनो, खरे सांगा, हे आपण पाहिलेले नाही का? आपल्याच भागातल्या एका गावची सरपंच बाई मला आठवते. पहिली दोन वर्षे नवरा सह्या आणायचा आणि ती करायची. तिसऱ्या वर्षी तिने ग्रामसेवकाकडून दप्तर मागून घेतले. चौथ्या वर्षी टँकरच्या खेपा ती स्वतः मोजू लागली. पाचव्या वर्षी ती खरी सरपंच झाली, आणि तेव्हाच मुदत संपली. पुढची सोडत निघाली, जागा खुली. गावाने तिला सांगितले, ‘आता तुमचं काय काम?’ फिरत्या आरक्षणाचा दोष पुस्तकात वाचायची गरज नाही, तो त्या बाईच्या घरी जाऊन पाहावा.

म्हणजे रोगाची पारख जोशींनी बरोबर केली होती. पण औषध म्हणून त्यांनी ‘नाही’ म्हटले, ते मला मान्य नाही. कारण आरक्षण नसते तर ती बाई पहिल्या वर्षाच्या सहीपर्यंतही पोचली नसती. दोष दुरुस्त करा, दोन मुदती एकच जागा राखीव ठेवा, असे म्हणता आले असते. दार वाकडे बसले म्हणून भिंत बांधून टाकायची नसते.

आपल्या बीड जिल्ह्याकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, आरक्षणाची गरजच काय? केशरबाई क्षीरसागर तीन वेळा खासदार झाल्या, १९९६ ला रजनी पाटील झाल्या, २०१४ आणि २०१९ ला प्रीतम मुंडे झाल्या. एकही जागा राखीव नव्हती. खरे आहे, आणि त्याचा अभिमान आहे. पण या यादीत ऊसतोडीला जाणारी एक तरी आहे का? पंचायतीत ती आली, ती राखीव जागेमुळे आली.

पुढची गोष्टही सांगते. सप्टेंबर २०२३ मध्ये नवा कायदा झाला. लोकसभेत बाजूने ४५४ आणि विरोधात दोन मते पडली. त्या दोघांपैकी एक आपल्या शेजारचे, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचे म्हणणे होते की यात ओबीसी आणि मुस्लिम स्त्रियांना वाटा नाही. या मेळाव्यात बसलेल्या माझ्या मुस्लिम बहिणींनी सांगावे, हा प्रश्न चुकीचा आहे का? एकटे पडलेले मत नेहमी शत्रूचेच असते असे नाही. या कायद्यात राखीव जागा दर निवडणुकीला न फिरता मतदारसंघांच्या पुढच्या फेररचनेनंतर फिरतील अशी तरतूद आहे. म्हणजे जोशींच्या आक्षेपाचे थोडे उत्तर त्यात आले. पण लागू कधी? जनगणना आणि फेररचना झाल्यावर. २०२४ ची लोकसभा त्याशिवायच झाली. १८६ विरुद्ध एक, ४५४ विरुद्ध दोन, एवढ्या मोठ्या ‘हो’ नंतरही बाई दारातच उभी राहिली. विरोध करणारा एकटा दिसतो. ‘हो’ म्हणून लांबवणारे मोजता येत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, मला सगळ्यात जवळचा. स्वातंत्र्य.

हा विचार म्हणतो, सरकारने मध्ये पडू नये, माणसे आपापसात करार करतील. आपल्या गावांतून दिवाळीच्या आसपास गाड्या भरून कारखान्यावर जातात. मुकादम उचल देतो, तोही करारच आहे. पण करारात मोजतात कोयता. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल नवऱ्याच्या हातात, फेड दोघांच्या अंगातून. खाडा केला तर दंड. पाळी आली, ताप आला, तरी मोळी उचलायचीच. याच जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली निघाली. त्यांच्यावर कायद्याने कुणी जबरदस्ती केली नव्हती. सगळे ‘स्वखुशीने’ झाले होते. जिला नाही म्हणायची सोय नाही, तिच्या खुशीला खुशी म्हणायचे का?

लक्ष्मीमुक्तीतही तीच अडचण आहे. नवऱ्याची इच्छा असेल तर नाव लागते. ज्याची इच्छा नाही त्याच्या बायकोचे काय? आणि जमीन सासऱ्याच्याच नावे असेल तर? नवऱ्याने फास लावून घेतल्यावर सातबाऱ्यावर त्याचेही नाव नाही असे जिला तलाठ्याच्या दारात कळते, अशा बाया तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत. तिथे चांगुलपणावर भागत नाही. तिथे कायदा लागतो, आणि तो राबवणारे सरकार लागते.

पण म्हणून सरकार आपले मायबाप, असेही मी म्हणणार नाही. गावात दारूच्या दुकानाला परवाना कोण देते? बाटली आडवी करायला मतदान मागितले तर सह्या तपासायला महिनोन्‌महिने कोण लावते? तेव्हा मला शरद जोशी आठवतात, आणि वाटते की या माणसाने सरकारला चांगले ओळखले होते. मुकादमाला मात्र तितके ओळखले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे. कुठलाही उमेदवार, कुठल्याही झेंड्याचा, आपल्या दारात आला की त्याला देवही करू नका आणि दगडही मारू नका. चार प्रश्न विचारा. तुझ्या घरच्या सातबाऱ्यावर बाईचे नाव आहे का? कोयत्यातल्या बाईची मजुरी तिच्या हातात पडावी यासाठी तू काय करशील? आमच्या गावचे दारू दुकान बंद करायच्या अर्जावर तू सही करशील का? आणि राखीव मुदत संपल्यावर, खुल्या जागेवर, तू बाईला तिकीट देशील का? उत्तरे वहीत लिहून ठेवा, तारीख टाकून. पाच वर्षांनी तीच वही घेऊन बसा.

आणि आपल्या दोघी मैत्रिणींना माझी विनंती आहे. मावशी, तुमचा बिल्ला जपून ठेवा, पण त्या एका मताचा हिशोबही मनात ठेवा. आणि ताई, तुझा राग जप, पण मावशींच्या सातबाऱ्यावर नाव कुणामुळे लागले तेही एकदा विचार. दोघींनी मिळून एक काम करायचे आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरचा सातबारा उतारा घेऊन यायचे. कुणाचे नाव आहे, कुणाचे नाही, ते आपण एका कागदावर मांडू. ज्यांच्या नवऱ्याची तयारी आहे त्यांचे लक्ष्मी मुक्तीचे अर्ज तिथेच भरू आणि तलाठ्याकडे एकत्र जाऊ. ज्यांच्या नवऱ्याची तयारी नाही, त्यांच्या घरी आपण चौघी-पाचजणी चहाला जाऊ.

चहा घेतल्याशिवाय उठायचे नाही, एवढे ठरवून टाकू.