वार, गर्भ आणि थांबवलेला प्रयोग



युनियनचा माणूस वारेविषयी काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयात झाले. पण आमच्या एका सभासदाची पत्नी सहाव्या महिन्यात तपासून आली, ती 'मूल वाढत नाही, वार कमी पडते' एवढे ऐकून. मग औषध काय, हा तिचा प्रश्न आम्ही डॉक्टरांपाशी नेला. औषध नाही, असे ते म्हणाले; आणि ते खरेच बोलले.

वार म्हणजे गर्भाचे फुप्फुस, अन्नाची कोठी आणि मूत्रपिंड, सारे एके ठिकाणी. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयातल्या नागमोडी रोहिण्यांत शिरून त्या रुंद करतात. मग आईचे रक्त संथपणे येते. हे काम अर्धवट राहिले तर रक्त पिचकारीसारखे येऊन वारेलाच इजा करते. गर्भ काटकसर करू लागतो. मेंदूला देतो, पोटातल्या अवयवांचे कमी करतो. आई दुप्पट जेवली तरी ही तूट भरत नाही. तेव्हा सासूबाईंनी सुनेला बोल लावू नये, हे जाता जाता सांगतो.

धोका आधी ओळखला तर १६ आठवड्यांच्या आत अल्प मात्रेत ॲस्पिरिन देतात. त्याने थोडा प्रतिबंध होतो, बिघडलेली वार दुरुस्त होत नाही. पुढे नाळेतला रक्तप्रवाह डॉपलरने पाहायचा आणि योग्य दिवशी मूल बाहेर काढायचे. आत ठेवावे तर उपासमार, बाहेर काढावे तर कच्चे!

म्हणून संशोधकांनी सिल्डेनाफिल हाती घेतले. हेच व्हायग्रातले औषध. मागच्या बाकांवर हशा झाला, होऊ द्या. ते रक्तवाहिन्या रुंद करते, तेव्हा कल्पना वेडगळ नव्हती. 'स्ट्रायडर' नावाने अनेक देशांत प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये १३५ स्त्रियांत फायदा दिसला नाही. नेदरलंड्समध्ये जुलै २०१८ मध्ये प्रयोग मध्येच थांबवला. त्या वेळी जाहीर झालेल्या आकड्यांनुसार औषध घेतलेल्या ९३ मातांच्या १७ मुलांना फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा विकार झाला आणि त्यातली ११ दगावली. औषध न घेतलेल्या ९० मातांच्या ३ मुलांना तो झाला, त्यापायी दगावले कोणी नाही.

यावर, गर्भवतींवर प्रयोगच नकोत, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. आम्हांला ते पटत नाही. थॅलिडोमाइड १९६१ साली मागे घेतल्यानंतर औषध-कंपन्या गर्भवतींपासून दूरच राहिल्या. त्याने गर्भवती सुरक्षित झाल्या काय? सिल्डेनाफिल तर प्रयोगाबाहेरही काही डॉक्टर देतच होते. तिथे तुलना करणारे कोणी नव्हते. प्रयोगात आकडे मध्येच तपासायचे असे आधीच ठरलेले होते, म्हणून अपाय दिसला. कारखान्यात आम्ही मागतो तेच हे: यंत्र थांबवण्याचा अधिकार उत्पादन वाढवणाऱ्याच्या हाती नको.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधक गर्भाशयाच्या रोहिणीत एक जनुक सोडून रक्तपुरवठा वाढवण्याच्या मागे लागले. मेंढ्या आणि गिनीपिग यांत गर्भाची वाढ सुधारली. स्त्रियांवर प्रयोग करण्याआधी, ज्यांनी हे दुःख भोगले होते अशा मातांना त्यांनी विचारले. हे आम्हांला फार मोलाचे वाटते.

आमच्या सभासदाच्या पत्नीला एकतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, ९०० ग्रॅमची. ती जगली. असल्या प्रयोगात तुम्ही गेला असता का, असे आम्ही त्या बाईंना विचारले. "गेले असते," त्या म्हणाल्या, "पण थांबवायला कोण बसलंय, ते आधी विचारलं असतं."